गाडीवर शे

नाशिक
८ ऑगस्ट २००२

ती. सौ. अक्का,

तुला नमस्कार. दाजींनाही सांग, उरला तर. सगळा तूच ठेवून घेतलास तरी माझी काही हरकत नाही.

इकडे सगळं ठीक. यांचा गुडघा कुरकुरतो आणि गुडघ्यापेक्षा हे जास्त कुरकुरतात. आमची मनीषा पुण्याला वसतिगृहात रमली आहे, म्हणजे तिचं पत्र येत नाही. गंगापूर धरणातून पाणी सोडलंय, त्यामुळे आमच्या कॉलनीतले रिकामटेकडे रोज संध्याकाळी पूर बघायला जातात आणि हे त्यांचे पुढारी. चाळीतला कांदा टिकला का? दाजींचा फोन आला होता. भावाबिवाचं बोलले.

फोनवर तुला बोलवा म्हटलं तर म्हणाले, येत नाही. कोणाशीच बोलत नाही म्हणाले. आठ महिने झाले, अक्का. मी दोनदा येऊन गेले, तू जेवायला वाढलंस, माझ्या डोक्याला तेल लावलंस, पण तोंडातून शब्द नाही. म्हणून पत्र लिहिते. पत्रात मीच बोलायचं असतं आणि ते मला जमतं हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

तर बातमी अशी, की मी सध्या एका नॉर्वेच्या बाईच्या नादी लागले आहे. ती बाई वारली त्याला वीसेक वर्षं झाली, त्यामुळे यांना काळजी नाही. झालं असं, की आमच्या सातपूरच्या कंपनीत नवं मशिन बसवायला एक नॉर्वेचे इंजिनिअर आलेत. त्यांच्या बायकोला, सिग्रिडबाईंना, दिवसभर करायला काही नाही. साहेबांनी मला सांगितलं, प्रतिभाताई, यांना जरा नाशिक दाखवा. मी त्यांना पंचवटी दाखवली, भाजीबाजार दाखवला, मिसळ खायला घातली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्यांनी प्लेट संपवली. मला बाई आवडली.

त्यांनी मला एक पुस्तक दिलं, इंग्रजीतून. रागना हेस्विक नावाच्या कवयित्रीच्या कविता. ही रागना समुद्रातल्या एका बेटावर राहायची. शाळा चौथीपर्यंत, तुझ्याएवढीच. आयुष्यभर मासे खारवायच्या शेडमध्ये काम केलं. पिंपात मासा, मीठ, मासा, मीठ. मिठानं हाताला चिरा पडायच्या आणि रात्री त्या हातांनी ही कविता लिहायची. तिच्या कवितांत फुलं नाहीत, चंद्र एकदाच आलाय आणि तोसुद्धा मासे चोरणारे दिसावेत म्हणून. मला वाचता वाचता हसू आलं आणि मग रडू आलं, ऑफिसात, टाइपरायटरसमोर.

मी त्या मराठीत करायला घेतल्या आहेत. इथल्या एका दिवाळी अंकाचे संपादक भालेराव सर म्हणाले, आठदहा द्या, छापतो. आता तुझी मदत हवी. मिठानं किंवा कांदा निवडून हाताला अशा बारीक चिरा पडतात, त्याला आपल्याकडे काय म्हणायचे? मला आठवत नाही. वीस वर्षं कॉलेज रोडला राहून माझी जीभ गुळगुळीत झाली आहे.

एक शब्द तर पाठव. कार्डावर, नुसता एक शब्द लिहिलास तरी चालेल.

तुझी धाकटी,
प्रतिभा


नाशिक
१ सप्टेंबर २००२

ती. सौ. अक्का,

तुझं कार्ड आलं नाही. पोस्टमनला मी तीनदा विचारलं, आता तो मला बघून सायकल पलीकडच्या गल्लीतून नेतो.

रागनाबाईंच्या कामात मात्र मोठाच घोळ निघाला. मी आठ कविता झोकात मराठी केल्या, भालेराव सर खूश, म्हणाले भाषा अगदी रेशमी उतरली आहे. मीही दोन दिवस रेशमात होते. मग सिग्रिडबाई घरी आल्या. मी त्यांना म्हटलं, मूळ कविता मोठ्यानं वाचून दाखवा, मला नुसता आवाज ऐकायचाय. त्यांनी वाचली. खरखरीत, अक्का. दळताना जात्यात खडा यावा तसा आवाज. त्यात रेशीम कुठेच नव्हतं.

मी विचारलं, तुमची भाषा अशीच आहे का? तर त्या हसल्या. म्हणाल्या, ही आमच्या बेटाकडची भाषा, शहरातली वेगळी. शहरात 'मी'ला 'याय' म्हणतात, आमच्याकडे 'एग'. सिग्रिडबाईंची आई त्याच बेटावरची. सिग्रिडबाई स्वतः शिकायला राजधानीत गेल्या तेव्हा वर्गात 'एग' म्हणाल्या आणि सगळ्या मुली हसल्या. रागनाची पहिली कविता शहरातल्या एका वर्तमानपत्रानं छापली, तेव्हा संपादकानं सगळे 'एग' खोडून 'याय' केले. सुधारलं, असं त्याला वाटलं.

तुला आठवतं, मी अकरावीला नाशिकच्या वसतिगृहात आले, पहिल्या दिवशी हजेरी झाली आणि मी उभी राहून म्हटलं, "हजर शे"? पुढे वर्षभर त्या पोरी मला 'शे' म्हणूनच हाक मारायच्या. मी दिवाळीला घरी येऊन रडले, तर तू म्हणालीस, "त्यास्ले एक बोली येस, तुले दोन येतीस. रडाले काय व्हयनं?" मी तरीही शिकून घेतलं आहे म्हणायला. इतकं पक्कं, की मनीषाला एक शब्द अहिराणी येत नाही.

तर आता उघड आहे, रागनाबाई मराठीत येणार असतील तर आपल्या बोलीतून यायला हव्यात. भालेराव सरांना सांगितलं तर ते चष्मा काढून पुसत बसले. म्हणाले, दिवाळी अंकाला कोण अहिराणी वाचणार? मी म्हटलं, नामपूर, सटाणा, देवळा, अर्धं मालेगाव वाचेल की, तुम्ही तिकडे अंक पाठवतच नाही. ते म्हणाले, बघू. बघू म्हणजे 'नाही' नव्हे, हे मी इतक्या वर्षांच्या नोकरीत शिकले आहे.

आणखी एक गोष्ट निघाली. एका कवितेत एकच शब्द, अगदी छोटा, आणि तो इंग्रजी करणाऱ्या विद्वानानं चुकवलाय. चुकवला म्हणजे त्याला वाटलं, बाईच चुकली, म्हणून त्यानं दुरुस्त केला. ती कविता रागनाच्या मुलाची आहे.

त्याबद्दल पुढच्या पत्रात लिहीन. आत्ता लिहवत नाही. गणपती जवळ आलेत, घर आवरायचंय, आणि हे दोनदा डोकावून गेले, चहा कधी म्हणून.

औषध घेतेस ना?

तुझी धाकटी,
प्रतिभा


नाशिक
२९ सप्टेंबर २००२

अक्का,

हे पत्र दाजी आधी वाचतील असं वाटतं. दाजी, वाचा. तुमच्यासाठीही आहे.

ऑगस्टमध्ये दाजींचा फोन आला, तेव्हा भावाबिवाचं बोलले असं मी लिहिलं होतं. कांद्याचा भाव त्यांनी एका वाक्यात संपवला. नंतर म्हणाले, "प्रतिभा, आते मनाघाई व्हत नही. तिले नाशिकले कोन्ता डाक्टरले दाखव. दिवाळीनंतर भरती करी देऊत." त्यांच्याच्यानं होत नाही म्हटल्यावर मी डॉक्टर शोधून ठेवले. मोठे आहेत, वेड्यांचे नव्हे हो, मनाचे म्हणतात आता. त्यांचा नंबर टेलिफोनच्या डायरीत लिहिला आहे. दोन महिने होत आले, मी तो फिरवला नाही आणि दाजींना नाहीही म्हटलं नाही. गप्प बसायला मी तुझ्याकडूनच शिकले असेन.

आता रागनाच्या मुलाचं सांगते. टोरे त्याचं नाव. एकोणीस वर्षांचा, होडीवर गेला आणि वादळात होडी बुडाली. तीन दिवसांनी त्याला किनाऱ्यावर आणलं. रागनानं त्याला स्वतः धुतलं, स्वतः मातीत ठेवलं. म्हणजे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण त्या बेटावर एक रीत होती. घरातलं माणूस होडीवर असलं आणि कोणी विचारलं, अमका कुठे, तर सांगायचं, 'बाहेर आहे'. 'समुद्रावर' हा शब्दही काढायचा नाही. तर टोरे गेल्यानंतरही कोणी नवखं माणूस विचारायचं, मुलगा कुठे तुझा? आणि रागना सांगायची, बाहेर आहे. गावाला वाटलं, बाई बिघडली. धर्मगुरू येऊन समजावून गेला, 'होता' म्हण बाई, 'होता' म्हटलंस की सुटशील. तिनं त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. तिच्या वर्तमानपत्रातल्या त्या पहिल्या कवितेतही संपादकानं 'आहे'चं 'होता' केलं. त्यानंतर तिनं कितीतरी वर्षं कोणाला एक ओळ दिली नाही. साठीत आल्यावर एका लहानशा छापखान्यानं कबूल केलं, बाई, तुझा शब्द तसाच राहील, तेव्हा पुस्तक निघालं. आणि परत इंग्रजीवाल्यानं तेच केलं, आणि त्याच्यावरून मीही. माझ्या रेशमी मराठीत 'तो बाहेर होता' असंच आहे.

सिग्रिडबाईंनी बोट ठेवून दाखवलं. त्यांच्या भाषेत 'एर' म्हणजे आहे. दोन अक्षरं. मी म्हटलं, मग 'तो बाहेर आहे' करते. केलं, आणि वाचून बघितलं, आणि लगेच खोडलं. कारण आपल्याकडे 'बाहेरचं आहे' कशाला म्हणतात? दाजींनी डोंगराकडून तो देवऋषी आणला होता, त्यानं लिंबं कापली, तुझ्या तोंडावर भस्म मारलं आणि तो हेच म्हणाला होता, बाईला बाहेरचं झालंय. हा शब्द मी तुझ्या जवळपाससुद्धा येऊ देणार नाही. मग मी बसले आणि विचार केला, आपल्याकडे बाई काय म्हणते? मुलगा कामावर घराबाहेर असेल, कधी येईल सांगता येत नसेल, तर नामपूरची बाई दारातून काय सांगते?

आणि मग मला ऐकू आलं, तुझ्याच आवाजात.

समर्थ. लिहिलं बघ त्याचं नाव. डिसेंबरपासून माझ्या हातून ते निघत नव्हतं. तेराव्याला बोहारीण आली, तिला काही माहीत नव्हतं, तिनं विचारलं, "समर्थ कोठे शे?" आणि तू म्हणालीस, "गाडीवर शे." कसाऱ्याच्या घाटात समर्थचा ट्रक दरीत गेला, त्याला घरी आणला, तू त्याच्या कपाळाला हात लावून बसली होतीस रात्रभर, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. दाजी ओरडले, "व्हता म्हन, व्हता." मग जो तो येऊन तुला तेच शिकवू लागला, भावकी, शेजारीण, मालेगावचा डॉक्टर. आणि तू एक शब्द बदलायच्या ऐवजी सगळेच सोडून दिलेस.

आम्हा सगळ्यांना वाटलं, तुला कळत नाही. अक्का, तुला कळतं. आमच्यापेक्षा तुला जास्त कळतं, कारण तुझा तो मुलगा आहे. मुलगा मेला तरी आई त्याची आईच राहते, 'होती' होत नाही. मग त्याला एकट्याला कशाला 'होता' करायचं? हे मला नॉर्वेच्या बाईकडून कळावं याची लाज वाटते, पण कळलं हे बरं झालं.

आणि दाजी, ऐका. ती रागना बिघडली नाही. शहाऐंशी वर्षांची होऊन वारली. कोंबड्या पाळायची, निवडणुकीत भांडायची, सिग्रिडबाईंच्या आईच्या लग्नात पहाटेपर्यंत नाचली. एवढा एक शब्द तिनं सोडला नाही, बाकी सगळं केलं.

कविता खाली लिहिते. माझी बोली गंजली आहे, 'घरी आले'ला 'घर ऊनात'च ना? चुकलं तर सांग.

लोक इचारतस, पोऱ्या कोठे शे?
मी सांगस, गाडीवर शे.
वारा पडना, समदा घर ऊनात,
मना गाडीवर शे.
मी दार लावस नही.

आधी मी 'शे' लिहिलं की नाही ते बघ. मग बाकीचं.

तुझी,
प्रतिभा


नामपूर
१२ ऑक्टोबर

प्रतिभाले आशीर्वाद.

तुनं पत्र वाचं. तीनदा वाचं. यास्नी बी वाचं, मंग वावरमा जाईसन बसनात, दिवस बुडता घर ऊनात. भाकर मांगी.

शाळामा पत्र असं लिहाले शिकाडं नही. पन आते असंच लिहस.

कवितामा शेवटली ओळ चुकनी. दार लावस नही, असं कोन्ही म्हनत नही. दार तं लावनंच पडस, कुत्रा येतस. कडी लावस नही, असं लिख. कडी नही लावी तं बाहेरथीन लोटताच उघडस.

ती बाई पोऱ्यासाठे काय रांधे? ते तुनी लिखं नही. इचार त्या बाईले.

हातले चिरा पडतीस त्याले आपन भेगाच म्हनतस. तू इसरनी.

मी येडी नही. माले झोप येत नही, एवढंच शे.

दसरानंतर सोमवारनी गाडीघाई येसू.

यशोदा


नाशिक
१८ ऑक्टोबर २००२

अक्का,

तुझं कार्ड घेऊन पोस्टमन स्वतः घंटा वाजवत आला. त्यालाही माझ्यापासून सुटका हवी होती.

मी ते वाचलं, मग यांना वाचून दाखवलं, मग अर्थ सांगितला. हे म्हणाले, तुझ्या बहिणीनं तुला झापलंय. मी म्हटलं, हो, मला कडी कळत नाही. आणि दोघंही रडलो. यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

ओळ बदलली. 'मी कडी लावस नही.' सिग्रिडबाईंना समजावून सांगितलं, तर त्यांनी मूळ पुस्तक काढून बघितलं आणि म्हणाल्या, मूळ शब्दाचा अर्थ दार लावणं असाही होतो आणि कडी घालणं असाही होतो. इंग्रजीवाल्यानं दार घेतलं होतं. त्यांनी आईला पत्र लिहून विचारलंय, रागना मुलासाठी काय रांधायची. त्यांना स्वतःला एवढंच माहीत आहे की रागनाच्या टेबलावर शनिवारी दोन ताटल्या असायच्या आणि ज्या दिवशी कोणी पाहुणा यायचा त्या दिवशी ती दुसरी ताटली त्याला द्यायची. ताटली रिकामी ठेवायची नाही, असा तिचा कटाक्ष होता.

भालेराव सरांकडे मी तुझं कार्ड घेऊन गेले. त्यांनी ते हातात धरून दोनदा वाचलं आणि एवढंच म्हणाले, कविता अहिराणीत जाईल, खाली मराठी अर्थ बारीक टायपात. आणि मग, जरा चाचरत, अनुवादाला दोन नावं द्यायची का, म्हणून विचारलं. मी तुला न विचारता हो म्हणून टाकलं. आता भांड माझ्याशी. आठांतल्या सात अजून रेशमी आहेत, त्या तू आल्यावर आपण दोघी खरखरीत करू.

दाजींचा काल फोन आला. कांद्याचा भाव बोललेच नाहीत. म्हणाले, "ती काल भाकरी करता करता माले म्हने, मीठ संपनं शे." हे एकच वाक्य त्यांनी मला तीनदा सांगितलं. अक्का, त्यांचाही तो एकुलता एक मुलगा आहे. त्यांना 'होता' म्हणावं लागलं, कारण नाहीतर ते सकाळी उठू शकले नसते. दोघांनी एकच शब्द वापरायला हवा असं कुठे आहे? त्यांना घेऊन ये. नाही आले तर येताना त्यांच्याशी निदान बोलून ये.

डॉक्टरांचा नंबर डायरीत आहे. झोप येत नाही म्हणतेस ना, तर झोपेसाठी आपण जाऊ, तुला वाटलं तर, मी बरोबर येईन आणि आत बसेन. शब्द बदलायला जायचं नाही. भरतीबिरती काही नाही, दाजींना मी तसं स्पष्ट सांगितलंय आणि ते हो म्हणालेत.

सोमवारी सटाण्यावरून येणारी गाडी दुपारी जुन्या सीबीएस स्टँडला लागते. मी साडेबारापासून उभी असेन. पिशव्या फार आणू नकोस, दाजी कांद्याचं पोतं देतीलच, ते नाही म्हणू नकोस.

एक मात्र झालं आज, ते सांगते आणि थांबते. आमच्या शेजारी नव्या राहायला आलेल्या वत्सलाबाई जिन्यात भेटल्या. बोलायची हौस त्यांना माझ्याएवढीच. म्हणाल्या, बहीण येतेय म्हणे तुमची, गावाकडची? म्हटलं, हो, मोठी. मग अर्थातच त्यांनी विचारलं, मुलंबाळं काय बहिणीला?

मी भाजीची पिशवी खाली ठेवली. दहा महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला की मी विषय बदलत आले. पण मी त्यांच्याकडे बघून नीट सांगितलं.

म्हटलं, एक मुलगा आहे.

समर्थनी मावशी,
प्रतिभा